दारामागचा बाक

टाकेपिंपरीच्या प्राथमिक शाळेत तेरा वर्षं उभा राहिलेला बाक आहे मी. सध्या माझा मुक्काम पोलीस ठाण्याच्या मागच्या अंगणात आहे, जप्त केलेल्या मोटारसायकली आणि एका जळक्या टेम्पोच्या मधे. माझा एक पाय दुमडलाय. फळीवर आडवा, बोटभर खोल घाव आहे. इथं कामाला येणारी माणसं माझ्याकडं बघून एकमेकांना विचारतात, शाळेचं बाकडं इथं कशाला? तेच सांगतो.

माझा जन्म सणसवाडीतल्या एका पत्र्याच्या शेडमधला. चौकोनी पाइप कापून एका बिहारी वेल्डरनं माझा सांगाडा जोडला. जोडीदाराला तो म्हणाला, "मजबूत बनाना. बच्चे लोग कूदेंगे." मग वरून जाड फळी ठोकली गेली. जवळच्या एका कारखान्यानं आमच्यासारखे वीस बाक शाळेला भेट दिले. पाठीमागं पिवळ्या रंगात कारखान्याचं नाव लिहिलं होतं, ते पोरांनी वर्षभरात कर्कटकानं खरवडून काढलं.

आमचं गाव भीमेच्या काठावर, शिरूर तालुक्याच्या अगदी टोकाला. नदी ओलांडली की दौंड तालुका लागतो. ऊस, कांदा, तरकारी. बाजाराला माणसं तळेगाव ढमढेऱ्याला जातात, कामाला सणसवाडीला. शाळेच्या पलीकडं रस्ता ओलांडला की बौद्ध वस्ती. त्या वस्तीतली राजश्री ओव्हाळ चौथीत असताना माझ्यावर बसायची. अक्षर बारीक, बोलणं कमी. कुणी तिची पेन्सिल घेतली तर ओरडायची नाही. मधल्या सुट्टीत त्याच्यासमोर जाऊन उभी राहायची आणि पेन्सिल परत मिळेपर्यंत हलायची नाही.

पोरं माझ्यावर उड्या मारायची, त्याचं मला काही वाटत नसे. माणसांचा मार मात्र मी पहिल्यांदा पाहिला तो ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत. मतदान आमच्याच खोलीत होतं. दुपारी दोन गटांत बाचाबाची झाली आणि कुणीतरी माझ्या शेजारच्या बाकाची फळी उपटली. ज्या फळीवर आदल्या दिवसापर्यंत पाढे लिहिले जायचे, तिनं एका माणसाचं डोकं फुटलं. दुसऱ्या दिवशी शिपाईबाईनं फरशी धुतली आणि शाळा भरली. त्या बाकाचा नुसता सांगाडा बरीच वर्षं व्हरांड्यात पडून होता.

गावात चालायचं ते जालिंदर आप्पांचं. उसाच्या तोडीपासून एसटी स्टँडवरच्या गाळ्यांपर्यंत सगळं त्यांच्या शब्दावर. ते स्वतः कधी निवडणुकीला उभे राहिले नाहीत. ज्याच्या गाडीत ते बसायचे, त्याला गावाचं मत जायचं. पुढं त्यांची पार्टी फुटली. झेंडा तोच, फोटो तेच, पण एका पार्टीच्या दोन झाल्या. कालपर्यंत एका ताटात जेवणारी माणसं एकमेकांच्या लग्नाला जाईनाशी झाली. आप्पा एका तुकड्याबरोबर गेले आणि गाव आपल्यामागं आलं असं ते धरून चालले.

गाव कुणाच्या मागं होतं, ते मला बऱ्यापैकी ठाऊक होतं. सुट्टीत मला व्हरांड्यात काढून ठेवायचे आणि उन्हं कलली की म्हातारी माणसं माझ्यावर येऊन बसायची. एकदा हातात टॅब घेतलेला एक माणूस पुण्याहून आला. यंदा हवा कुणाची, असं विचारू लागला. तेव्हा समोर आप्पांचा पुतण्या विक्रांत मोटारसायकलवर पाय टाकून उभा होता. सगळ्यांनी आप्पांच्या उमेदवाराचं नाव घेतलं. माणसानं ते टॅबवर टिपलं, आभार मानले आणि निघून गेला. विक्रांतची गाडी वळणाआड गेल्यावर म्हातारे कांद्याच्या भावाबद्दल आणि कॅनॉलला न आलेल्या पाण्याबद्दल जे बोलले, ते कुठल्याच टॅबमध्ये गेलं नाही.

आता खरी गोष्ट सुरू होते ती उन्हाळ्यातल्या लोकसभेच्या मतदानापासून. राजश्री तेव्हा बावीस वर्षांची होती. डिप्लोमा करून सणसवाडीच्या एका कंपनीत ती माल तपासायच्या कामाला लागली होती. अर्धी रजा टाकून ती आजीला, विठाबाईला, मतदानाला घेऊन आली. विठाबाई ऐंशीच्या पुढची. काठी टेकत आली, माझ्यावर बसून दम घेतला आणि मग आत गेली. तिसऱ्या मिनिटाला बाहेर आली.

"काय झालं?" राजश्रीनं विचारलं.

"माझं झालंय म्हनत्यात," विठाबाई म्हणाली आणि आपलं बोट निरखून बघू लागली. बोटाला शाई नव्हती.

राजश्री आत गेली. यादीत विठाबाईच्या नावापुढं खूण होती. कर्मचारी म्हणाला, सकाळीच होऊन गेलंय, आता काही करता येणार नाही. आप्पांच्या बाजूनं मतदान प्रतिनिधी म्हणून बिलाल आतार बसला होता. एसटी स्टँडवर आप्पांच्या गाळ्यात त्याचं पंक्चरचं दुकान. विठाबाईला तो लहानपणापासून ओळखत होता. त्या सगळ्या वेळात त्यानं हातातल्या कागदावरून मान वर केली नाही.

बाहेर येऊन राजश्री आजीशेजारी माझ्यावर बसली. विठाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं. येका मतानं काय हुतंय."

"येक न्हाई आज्जी. वस्तीतल्या एकोनीस जनांचं आसं झालंय."

उठताना विठाबाईनं ते कोरं बोट मुठीत मिटून घेतलं, एवढं मला आठवतं.

हिवाळ्याच्या तोंडावर विधानसभा आली. पार्टीच्या दुसऱ्या तुकड्याला आमच्या केंद्रावर बसायला माणूस मिळेना. आप्पांच्या विरुद्ध त्या खोलीत दिवसभर बसायची कुणाची तयारी नव्हती. त्यांची माणसं शाळेच्या ओट्यावर डोक्याला हात लावून बसली होती, तिथं राजश्री आली.

"मी बसते," ती म्हणाली. "तुमच्या पार्टीसाठी न्हाई. यादीसाठी."

त्यांना एवढं पुरेसं होतं. राजश्रीनं मतदार यादी घेतली आणि पंधरा दिवस कंपनीतून आल्यावर ती घरोघर फिरली. कोण वारलंय, कोण पुण्याला राहायला गेलंय, कोण लग्न होऊन दौंडला गेलीय, सगळं तिनं पेन्सिलीनं लिहून काढलं. बोगस मतदार आला तर हरकत कशी घ्यायची, तेही वाचून ठेवलं.

मतदानाच्या दिवशी प्रतिनिधींसाठी मला भिंतीला लावून ठेवलं होतं. माझ्यावर तिघं बसले. एका कडेला राजश्री, दुसऱ्या कडेला बिलाल, मधे एका अपक्ष उमेदवाराचे प्रतिनिधी गेणबा नावाचे म्हातारे. जेवण झाल्यावर गेणबा पडायला म्हणून घरी गेले ते परत आले नाहीत. त्यामुळं दुपारपासून मी दोघांचाच भार वाहत होतो. केंद्राध्यक्ष दौंडच्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या सुलक्षणा मॅडम होत्या. कडक नव्हत्या, पण प्रत्येक गोष्ट कागदात बघून करायच्या. दाराशी एक पोलीस शिपाई होता.

दुपारपर्यंत राजश्रीनं सहा जणांवर हरकत घेतली. सहाही जण ओळख पटवता न आल्यानं परत गेले. त्यातले दोघं सणसवाडीत भाड्यानं राहणारे कामगार होते. एकाला तर आपण कुणाच्या नावानं आलोय ते नीट वाचताही येत नव्हतं. प्रत्येक हरकतीनंतर दाराबाहेरचं बोलणं थोडा वेळ थांबायचं आणि मग वाढायचं.

तीनच्या सुमारास विक्रांत दारात येऊन उभा राहिला. शिपायानं त्याला आत येऊ दिलं नाही. त्यानं दाराच्या चौकटीला हात लावून तिथूनच म्हटलं, "राजश्री, लई यादी वाचायला लागलीस. कंपनीची बस कोनच्या फाट्यावर धरतीस ते ठाव हाय मला."

"समद्या गावाला ठाव हाय," राजश्री म्हणाली.

तिचा आवाज नेहमीसारखा होता. पण तिनं माझी कड घट्ट धरून ठेवली होती.

विक्रांत गेल्यावर बिलाल खालच्या आवाजात म्हणाला, "दोन-चार सोड. समद्यांनाच धरशील तर ही पोरं ऐकायची न्हाईत."

राजश्रीनं यादी त्याच्या मांडीवर ठेवली. "कोनची दोन-चार सोडू ते तू सांग. नावं वाच."

बिलालनं यादी हातात घेतली. पहिलं पान बघितलं. मग मिटून परत दिली.

साडेचार वाजता पस्तिशीचा एक माणूस आत आला. कर्मचाऱ्यानं नाव विचारलं.

"चांगदेव," तो म्हणाला. हातातल्या चिठ्ठीकडं बघून पुढं म्हणाला, "ओव्हाळ."

राजश्री उठून उभी राहिली. "मॅडम, हरकत."

"काय हरकत आहे?" सुलक्षणा मॅडमनी विचारलं.

"ह्ये चांगदेव ओव्हाळ न्हाईत."

"कशावरून?"

"चांगदेव ओव्हाळ माझे वडील हायत. दौंडच्या डेअरीत ड्यूटीवर हायत, सहाच्या आत येनार हायत."

शाई लावणारा कर्मचारी हसला आणि लगेच गप्प झाला. त्या माणसानं दाराकडं पाहिलं. सुलक्षणा मॅडमनी त्याचं ओळखपत्र मागितलं, त्याच्याकडं नव्हतं. सकाळपासून सहा जण आले, गेले. हा मात्र ज्याच्या नावानं आला, त्याच्या मुलीसमोर उभा होता. मॅडमनी लेखी तक्रार केली आणि त्याला शिपायाच्या ताब्यात दिलं. शिपाई त्याचा दंड धरून बाहेर घेऊन गेला.

रांगेत पुढचा नंबर विठाबाईचा होता. या वेळी तिच्या नावापुढं खूण नव्हती. कर्मचाऱ्यानं नाव मोठ्यानं वाचलं, तिचा अंगठा घेतला, बोटाला शाई लावली. तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. आधी एक बाटली फुटल्याचा आवाज, मग शिपायाची किंकाळी. खिडकीतून दिसलं ते एवढंच: शिपाई गुडघ्यावर बसलाय, त्याच्या कपाळातून रक्त वाहतंय आणि तीन-चार जण त्याला लाथा घालतायत. रांगेतल्या बायका पदर सावरत वाट फुटेल तिकडं पळाल्या. कुणाची चप्पल राहिली, कुणाचं मूल खाली पडलं. पंधरा-वीस जण शाळेच्या पायऱ्या चढू लागले. हातात उसाची दांडकी होती, लोखंडी गज होते, दोघा-तिघांकडं कोयते होते.

"मशीन बाहेर आना," विक्रांत ओरडत होता.

राजश्री धावली आणि तिनं दार लोटलं. दाराची कडी कधीच निखळली होती, रोज ते सुतळीनं बांधून ठेवायचे. ती पाठ लावून उभी राहिली, पण बाहेरच्या पहिल्याच धक्क्याला तिचे पाय फरशीवरून घसरले.

"बिलाल," ती म्हणाली. एवढंच.

बिलाल माझ्यावर बसलेला होता. बाहेर त्याच्याच बाजूची माणसं होती. ज्या गाळ्यावर त्याचं घर चालायचं तो गाळा त्यांचा होता. घरी बायको आसमीन होती, सहा महिन्यांची गरोदर. तो काय विचार करत होता ते मला माहीत नाही. त्याचं वजन माझ्यावरून उठलं, एवढं मला सगळ्यात आधी कळलं.

त्यानं मला उचलून आडवं दाराला लावलं. दोघं मला पाठ लावून बसले आणि पाय समोरच्या टेबलाच्या पायाला लावून जोर देऊ लागले. तेरा वर्षं माणसं माझ्यावर बसली होती. त्या दिवशी पहिल्यांदा कुणी मला सोबतीला घेतलं.

बाहेरून दांडकी बसू लागली. दाराच्या फळ्या जुन्या, आंब्याच्या लाकडाच्या. प्रत्येक घावाला ढलप्या आत पडत होत्या. मग एका फटीतून कोयता आला. पहिला घाव माझ्या फळीत बसला, दोघांच्या डोक्यांच्या बरोबर मधे. राजश्रीच्या केसांची एक बट कापून खाली पडली. कोयता फळीत रुतला होता, बाहेरून हिसका देऊन तो ओढून काढला. दुसरा घाव कडेवर आला. तिथं बिलालचा हात होता.

त्याची दोन बोटं फरशीवर पडली. तो ओरडला नाही. तोंडातून नुसती हवा गेली. त्यानं तो हात काखेत दाबला आणि पाठीचा जोर सोडला नाही. त्याचं ऊन ऊन रक्त माझ्या पाइपावरून खाली उतरत होतं.

"बिलाल, दार सोड," बाहेरून विक्रांतचा आवाज आला. तो फटीला तोंड लावून बोलत होता. "तू आपला हायस. तुला कोन हात लावनार न्हाई."

"आत म्हातारी हाय," बिलाल म्हणाला.

"कोनची म्हातारी?"

"विठाबाई."

"मग आसू दे की," विक्रांत म्हणाला आणि पुन्हा घाव बसायला लागले.

खोलीत बाकीचे कर्मचारी टेबलाखाली गेले होते. सुलक्षणा मॅडम मशीनजवळ उभ्या होत्या. केंद्रावर हल्ला झाला तर मशीन बंद करायचं बटण दाबायचं असतं. ते दाबलं की पुढं एकही मत टाकता येत नाही. त्यांचं बोट त्या बटणावर होतं.

विठाबाई त्यांच्यासमोर काठी टेकून उभी होती, बोटावरची शाई अजून ओली. ती म्हणाली, "बाई, माझं मत ऱ्हायलंय."

मॅडमनी दाराकडं पाहिलं. मग तिच्याकडं पाहिलं. त्यांनी बंद करायच्या बटणावरून बोट काढलं आणि पुढच्या मतासाठी मशीन खुलं करायचं बटण दाबलं.

"जा आजी," त्या म्हणाल्या. "लवकर."

विठाबाईला लवकर कधीच जमलं नव्हतं. पुठ्ठ्याच्या आडोशापर्यंत चार पावलं होती, ती चार पावलं ती चालली. तिकडं गेल्यावर काठी टेबलाला टेकवून ठेवली. दाराची वरची फळी फुटून आत पडली. एक दगड राजश्रीच्या खांद्यावर बसला. ती डोळे मिटून पाठीनं मला रेटत होती आणि तोंडानं मोजत होती, एक, दोन, तीन, लहानपणी पाढे म्हणायची तशी. बिलालचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला होता. मशीनचा लांब आवाज आला तेव्हा ती सव्वीसवर पोचली होती.

विठाबाईनं मत दिलं होतं. मॅडमनी बंद करायचं बटण दाबलं. पुढच्याच क्षणी दार बिजागऱ्यांतून सुटलं आणि माझ्यावर कोसळलं.

त्यानंतर जे झालं ते सांगताना मला अजून लाज वाटते. ते आत घुसले. राजश्रीवर गज चालवले. तिनं डोकं वाचवायला हात वर केला, त्या हाताचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. बिलाल तिच्या अंगावर पडला, म्हणून पुढचे घाव त्याच्या पाठीवर बसले. एकानं विठाबाईला बाजूला ढकललं. ढकलणाऱ्याला तिला मारायचं नव्हतं, ती फक्त वाटेत होती. ती टेबलाच्या कोपऱ्यावर आदळून खाली पडली आणि तशीच राहिली. सुलक्षणा मॅडम मशीनवर पालथ्या पडल्या होत्या. त्यांना केसांना धरून ओढलं.

मशीन जमिनीवर आपटलं, पण फुटलं नाही. विक्रांतनं इकडंतिकडं पाहिलं. मग त्यानं आणि आणखी तिघांनी मला उचललं, डोक्याच्या वर नेलं आणि मशीनवर आपटलं. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्यांदा माझा पाय दुमडला आणि मशीनच्या ठिकऱ्या झाल्या. ज्या मतासाठी त्या दोघांनी मला दाराला लावलं होतं, ते मत माझ्याच वजनाखाली चेंगरलं.

पंधरा मिनिटांनी पोलिसांच्या गाड्या आल्या. तोवर ते सगळे नदीच्या बाजूनं उसात पळाले होते. रुग्णवाहिकेत आधी शिपायाला घातलं, मग बिलालला. आसमीन धावत आली होती, तिला कुणी आत येऊ देत नव्हतं. फरशीवरची बोटं सुलक्षणा मॅडमनी आपल्या रुमालात गुंडाळून तिच्याकडं दिली. ती पुढं जोडता आली नाहीत. चांगदेव ड्यूटी संपवून मत द्यायला आले तेव्हा सहाला दहा कमी होते. त्यांच्या हातात मतदानाची चिठ्ठी होती. पोरगी आणि आई एकाच गाडीत आडव्या ठेवलेल्या दिसल्यावर ती चिठ्ठी त्यांच्या हातातून गळून पडली.

पंचनामा झाला. फोटो निघाले. मला टेम्पोत घालून इथं आणलं. यापुढचं मला ऐकूनच माहीत आहे. इथं शिपाई चहा पिताना बोलतात.

तीन दिवसांनी गावात फेरमतदान झालं. आधीची मतं धरली जाणार नव्हती. विठाबाईचं खुब्याचं हाड मोडलं होतं, ती दौंडच्या दवाखान्यात होती. राजश्री प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून तिच्याजवळ गेली. म्हणाली, "आज्जी, पुन्हा मत द्यायचंय. गाडी केलीय, स्ट्रेचरवरनं नेते तुला."

विठाबाई म्हणाली, "मी दिलंय की. तुमीच दार धरलं हुतं न्हवं. त्यांनी मशीन फोडलं त्यात माझी काय चूक?"

पुढं ती म्हणाली, "मला हलवू नगा." तिला फार दुखत होतं. ती गेली नाही. दोन महिन्यांनी ती वारली. सरकारी कागदाप्रमाणं त्या विधानसभेला तिनं मतदान केलेलं नाही.

फेरमतदानाला आप्पांच्या उमेदवाराला आमच्या केंद्रावर पूर्वीच्या निम्मीही मतं पडली नाहीत. त्या टॅबवाल्याला गावानं जे सांगितलं होतं, त्याच्या अगदी उलट. तो उमेदवार तालुक्यात मात्र निवडून आला.

सव्वा वर्षानं खटला उभा राहिला. मुद्देमाल म्हणून मला कोर्टात नेलं. तोवर गावात बरंच काही झालं होतं. बिलालचा गाळा काढून घेतला होता. तो रस्त्याकडेला छत्री लावून, उरलेल्या तीन बोटांनी टायर काढायला शिकला होता. आसमीनला मुलगी झाली होती. आप्पांच्या बाजूचे चार जण बिलालच्या घरी जाऊन बसले होते आणि त्याला म्हणाले होते, गर्दी होती, चेहरे दिसले न्हाईत, एवढंच सांग. त्या दिवशी आप्पा कोर्टात शेवटच्या रांगेत, पांढरी टोपी मांडीवर ठेवून बसले होते.

बचावाच्या वकिलांनी साक्षीदार बिलालला उलटतपासणीसाठी माझ्यासमोर उभं केलं.

"तुम्ही विक्रांतच्याच पक्षाचे प्रतिनिधी होता ना?"

"व्हय."

"बाहेर तुमच्याच पक्षाची माणसं होती असं तुम्ही म्हणता. मग तुम्ही दार का अडवलं? हे पटण्यासारखं नाही."

बिलालनं आप्पांकडं पाहिलं. मी एवढ्या जवळ होतो की त्याच्या कपड्यांना येणारा रबराचा वास मला येत होता.

"लोकसभेला विठाबाईच्या नावावर दुसऱ्या बाईनं मत टाकलं," तो म्हणाला. "मी तवा तिथंच बसलो हुतो. मला दिसलं हुतं. मी बोललो न्हाई."

"मी विचारलं ते सांगा."

"त्येच सांगतोय साहेब. दुसऱ्या येळंला मला गप बसता आलं न्हाई." मग त्यानं तीन बोटांचा हात उचलून पिंजऱ्यातल्या विक्रांतकडं दाखवला. "कोयता त्याच्या हातात हुता. फटीतनं त्याचं तोंड दिसत हुतं. माझ्याशी बोलला त्यो."

आप्पांनी टोपी डोक्यावर घातली आणि उठून गेले.

विक्रांतला आणि आणखी चौघांना शिक्षा झाली. आप्पांचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं, त्यामुळं त्यांना काही झालं नाही. सुलक्षणा मॅडमची खात्यात चौकशी झाली, मशीन बंद करायला उशीर का केला म्हणून. त्यांनी लेखी उत्तर दिलं: एक मतदार आत होती. आणि याच महिन्यात, जिल्हा परिषदेच्या निवडणुकीसाठी, पार्टीचे ते दोन तुकडे पुन्हा एकत्र आले. ठाण्यामागच्या चौकात फलक लागलाय. दोन्ही नेते एकमेकांचे हात धरून वर करून हसतायत. त्या दिवशी दाराशी असलेला शिपाई कपाळावरच्या टाक्यांच्या खुणेवरून बोट फिरवत तो फलक बघत उभा होता.

परवा राजश्री आली होती. कोर्टानं मला शाळेला परत द्यायचा हुकूम केलाय, पण शाळेत आता नवे बाक आलेत. मोडका बाक ठेवायला जागा नाही, असं गुरुजींनी लिहून दिलंय. मला भंगारात द्यायच्या कागदावर त्यांच्या वतीनं सही करायला ती आली. तिचा उजवा हात अजून पूर्ण वळत नाही. सही करायला वेळ लागला.

"आता या येळंला न्हाई ना बसनार?" शिपायानं विचारलं. "दोन्ही पार्ट्या येक झाल्या."

"यादी हाय की अजून," राजश्री म्हणाली. "अपक्षाकडनं बसते. बिलालभाई बी बसनार हायत."

जाताना ती माझ्यापाशी थांबली. फळीवरच्या घावात धूळ साचली होती, ती तिनं ओढणीच्या टोकानं पुसली. मग गेली.

उद्या भंगारवाल्याचा टेम्पो येणार आहे. फळी कुणाच्या तरी चुलीत जाईल, सांगाडा भट्टीत वितळेल. त्याचं मला वाईट वाटत नाही, मी पुष्कळ जगलो. जाताना एकच मागणं आहे. माझ्या लोखंडाचं काहीही करा. खिडकीचे गज करा, नांगराचा फाळ करा, कुणाच्या झोपाळ्याच्या कड्या करा. कोयता तेवढा करू नका.